मुखत्याराला माहेर नसतं

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला होता, त्या सुमारास अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राहायला दोंडाईच्याला. तिचे फोन ठरलेले असत. आपल्या धुळ्याच्या घराची घरपट्टी भरली, खालच्या गाळ्याच्या शटरला तेल दिलं, शेतात कपाशीची दुसरी वेचणी झाली. मी जळगावला सोफ्यावर बसून ‘बरं, बरं’ म्हणायचो आणि पुन्हा टीव्हीकडे वळायचो. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “भाऊ, मन्हं मुखत्यारपत्र रद्द करी टाक.”

मी टीव्ही बंद केला.

चौदा वर्षांपूर्वी आबा गेले. आई त्याआधीच गेली होती. धुळ्याचं घर आणि दोंडाईच्याजवळची चार एकर जमीन माझ्या नावावर झाली. ‘नावावर झाली’ हे मी किती सहज लिहून गेलो. अक्काने तिच्या हिश्श्याचा हक्कसोड दिला म्हणून ती झाली. आमच्याकडे बहिणी असा हक्क सोडतात आणि नातेवाईक म्हणतात, चला, आता तुझं माहेर कायम राहिलं. तेव्हा मीही तेच म्हणालो होतो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मी पाटबंधारे खात्यात नोकरीला. आज कोकणात, तर उद्या विदर्भात. धुळ्याच्या घराचं आणि शेताचं बघणार कोण? मग मी अक्काच्या नावाने कुलमुखत्यारपत्र नोंदवून दिलं. म्हणजे माझ्या जागी तिने सही करायची, माझ्या जागी कचेऱ्यांत उभं राहायचं, भाडेकरू ठेवायचे, बांधावरून भांडायचं. धुळ्याच्या निबंधक कचेरीत सही ठोकून मी संध्याकाळच्या बसने जो निघालो, तो चौदा वर्षं निश्चिंत झालो. आता सेवानिवृत्त होऊन जळगावला स्थायिक झालो होतो, तरी निश्चिंतच होतो.

“माझं काही चुकलं का?” मी फोनवर विचारलं.

“नही.”

“दाजी काही बोलले?”

“त्यास्नी काय बोलानं? पेपर वाची ऱ्हायनात.”

“मग रद्द कशाला?”

अक्का एका दमात बोलली. “चौदा वरीस व्हई गयात. आखाजीले बठ्ठ्या बाया माहेरले जातस. त्यास्ना भाऊ त्यास्ले लेवाले येतस. माले कोन लेवाले येई? घरनी किल्ली मन्हाच हातमा. मीच कुलूप उघाडस, मीच झाडस, मीच पानी भरस, आनि मंग मीच पाव्हनी म्हनीसन बठस. माले आते मुखत्यार ऱ्हावानं नही. माले माहेर जोयजे.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी ठिकाणी त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, रस आणि मांडे खातात आणि कामाला हात लावत नाहीत. भावाने सासरी जाऊन बहिणीला घेऊन यायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. मी चौदा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजायची असते; तीही अक्काच भरायची. मग तिचा फोन यायचा, “आई-आबानी घागर भरनी,” आणि मी म्हणायचो, “बरं, बरं.”

हे सगळं मला त्याच क्षणी समजलं असं लिहायला आवडलं असतं, पण मी चिडलो. माझा स्वभावच तसा आहे. कुणी सुतासारखी चाललेली गोष्ट बंद करायला सांगितली की मला ती माझ्यावर टीका वाटते. मी म्हणालो, “एवढंच असेल तर अर्धं घर तुझ्या नावावर करतो.”

“घर शे मन्हं, दोंडाईचाले,” ती म्हणाली. “ते नही मांगी ऱ्हायनू मी.” आणि फोन ठेवला.

बायकोला सांगितलं, तर तिने कणीक मळता मळता निकाल दिला. “बरोबरच बोलल्या त्या. धुळ्याच्या घरात पाण्याचा कॉक कुठे आहे, सांगा बरं.”

तीन दिवस घुश्शात काढले आणि चौथ्या दिवशी धुळ्याच्या बसमध्ये बसलो.

निबंधक कचेरीच्या समोर पत्र्याच्या शेडमध्ये दस्तलेखक बसतात. त्यातल्या एकाने मला कॉम्प्युटरच्या आडून विचारलं, “किती वर्षांचा वाद आहे?”

“वाद नाही.”

“वाद नाही तर रद्द कशाला करता?”

“बहिणीची इच्छा आहे.”

“म्हणजे तुम्हीच मुखत्यार?”

“मी मालक. ती मुखत्यार.”

“आणि तिलाच रद्द व्हायचंय?” त्याने कॉम्प्युटरच्या आडून पूर्ण डोकं बाहेर काढलं. मग तो म्हणाला की दस्त तयार ठेवतो, शिवाय पेपरात जाहीर नोटीस देऊन टाकू, ‘सदर इसमाशी कोणीही कोणताही व्यवहार करू नये’ अशी. माझ्या डोळ्यांपुढे अख्खा धुळे जिल्हा चहाबरोबर ती नोटीस वाचताना आला. बहीण-भावाचं फाटलं, ही बातमी नरडाण्यापासून पिंपळनेरपर्यंत दुपारच्या आत पोचली असती. मी म्हणालो, नोटीस राहू द्या, ज्याला त्याला मी स्वतः जाऊन सांगेन. फुशारकी मारायला काय जातं?

ठरल्या दिवशी अक्का आणि दाजी दोंडाईच्याहून आले. दोन साक्षीदार लागत होते, लिहून देणाऱ्याला म्हणजे मला ओळखणारे. एक दाजी. दुसरे आमच्या खालच्या गाळ्यात गाद्या भरणारे चाचा. सकाळीच दुकान मुलीवर सोपवून, केसांत अडकलेला कापूस झटकत ते आले. येताना अक्काच्या सांगण्यावरून त्यांनी मला बसस्टँडवरून स्कूटरवर घेतलं होतं.

दस्तलेखकाने पाच पानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “प्रत्येक पानाखाली सही करा.” मी चष्मा शोधायला लागलो. खिशात नाही, पिशवीत नाही. चाचांच्या स्कूटरच्या डिक्कीत राहिला होता, तो आणायला गेलो. परत आलो तर अक्काने पाचही पानं सही करून, नीट गोळा करून, टाचणी लावून ठेवली होती. चला, एक काम झालं म्हणून आम्ही सगळे आत गेलो. न वाचता पुढे सरकायची माझी जुनी सवय. दुसऱ्यांच्या फायली मात्र मी चौतीस वर्षं एकेक कानामात्रा बघून परत पाठवल्या होत्या.

आत कारकुनाने अक्काला पाहिलं आणि तो अर्धा उठला. “या अक्का. आज भाडेकरार का?” तिला खुर्ची मिळाली. मी उभा राहिलो.

निबंधक मॅडमनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं.

“सही कुणाची आहे ही?”

“मन्ही,” अक्का म्हणाली.

मॅडमनी कागद आमच्याकडे फिरवला. पाचही पानांवर, लिहून देणाऱ्याच्या जागी, अक्काच्या ठसठशीत अक्षरात आधी माझं नाव, खाली ‘करिता मुखत्यार’ आणि त्याखाली तिची सही. चौदा वर्षं ती प्रत्येक कागदावर जे करत आली होती तेच तिने केलं होतं.

“म्हणजे जे मुखत्यारपत्र रद्द करायचं, त्याच्याच जोरावर ते रद्द केलं?” मॅडम म्हणाल्या. “माझ्या नोकरीत असा दस्त पहिल्यांदाच आला.”

अक्काने जीभ चावली. “हातले सवय शे, बाई. तो ईचारस नही.” बाकावरची माणसं हसली, कारकून हसला, चाचा हसले. दाजींनी पेपर तोंडासमोर धरला, पण तो हलत होता. पानं बाद झाली. परत छापून आणा, मॅडम म्हणाल्या, आणि आमचा नंबर जेवणानंतरवर गेला.

हा घोटाळा झाला नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. कारण शेडमध्ये परत येऊन, आता डोळ्यांवर असलेल्या चष्म्यातून, मी तो दस्त पहिल्यांदा वाचला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘मुखत्यार यांच्या वर्तनामुळे लिहून देणार यांचा त्यांच्यावरील विश्वास उडाला असून, सबब सदर मुखत्यारपत्र रद्द करण्यात येत आहे.’

माझं डोकंच फिरलं. “हे काय लिहिलंय? हिच्यावर विश्वास उडाला? माझा?”

“सर, रागावू नका,” दस्तलेखक म्हणाला. “सगळ्यांचं हेच असतं. रद्द करायला दुसरं कारण घेऊन कुणी येतच नाही.”

“मी आलोय ना!”

“मग तुमचं कारण सांगा, तेही छापतो.”

अक्काने मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. माझा आवाज खाली गेला होता.

“तू पहिले वाचं व्हतं का हाई?” तिने विचारलं.

“नाही. चष्मा नव्हता.”

“मंग सही करी टाकतास तू.”

केली असती. तिलाही ते माहीत होतं. चौदा वर्षं ऊन-पाऊस न बघता माझी कामं करणाऱ्या बहिणीबद्दल सरकारदरबारी कायमचं असं वाक्य नोंदवून मी ‘बरं, बरं’ म्हणत बसमध्ये बसलो असतो. मला फार वाईट वाटलं आणि ते मी तिला तिथेच, शेडमध्ये, चार माणसांसमोर सांगितलं. ती म्हणाली, “आते ऱ्हाऊ दे.” मग दस्तलेखकाकडे वळून म्हणाली, “लिख दादा. बहीनले माहेर जोयजे.”

दस्तलेखकाची बोटं कळफलकावर थांबली. “हे कारण चालेल?”

“चालवा,” मी म्हणालो.

माणूस गुणी निघाला. डोळे मिटून त्याने थोडा विचार केला आणि कचेरीच्या भाषेत टाइप केलं: ‘मुखत्यार ही लिहून देणार यांची सख्खी थोरली बहीण असून, सदर अधिकारामुळे तिला मागील चौदा वर्षे माहेरपण मिळालेले नाही. ते मिळावे या एकमेव कारणास्तव सदर मुखत्यारपत्र रद्द करण्यात येत आहे. मुखत्यार यांनी आजवर केलेली सर्व कामे चोख असून ती लिहून देणार यांस कबूल व मंजूर आहेत.’ ‘चोख’ आणि ‘एकमेव’ हे शब्द त्याने स्वतःहून घातले. या वेळी पाचही पानांवर मी सही केली. अक्का तोवर पदराखाली हात धरून बसली होती, हाताचा भरवसा नको म्हणून.

जेवणानंतर मॅडमनी ते कारण दोनदा वाचलं. काही काढतात की काय म्हणून मी श्वास रोखून उभा. त्या म्हणाल्या, “माझं माहेर पिंपळनेरचं,” आणि पान उलटलं.

मग ओळख पटवायची वेळ आली.

“तुम्ही यांना ओळखता?” मॅडमनी चाचांना विचारलं.

“ओळखतो ना. चौदा वर्षं झाली.”

“अक्कांना नाही हो. यांना.”

चाचांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. प्रामाणिक माणूस. “अक्का भाऊ म्हणतात, म्हणजे भाऊच असतील. दोन-तीनदा पाहिलंय.”

मॅडमच्या भुवया चढल्या, तेवढ्यात दाजी पेपराची घडी करत पुढे आले. “मी ओळखतो. माझ्या लग्नात करवला होता. चेहरा तोच आहे, केस गेले.”

चाचांनाही मग आठवलं की घराच्या नळाच्या भांडणात मी एकदा फोनवर त्यांच्यावर ओरडलो होतो, आणि आवाज तर हाच. एवढ्यावर माझी ओळख पटली. यंत्राला मात्र पटेना. माझा अंगठा तीनदा ठेवला, तीनदा नाकारला. कारकून म्हणाला, “डोक्याला घासा.” मी टकलावर घासला. चौथ्यांदा घेतला.

पायऱ्यांवर आल्यावर अक्काने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि कागदांची रेक्झिनची पिशवी माझ्या हातात दिली. दोघं बसस्टँडकडे निघाली. चौकात वळताना अक्का काहीतरी सांगत मोठ्याने हसत होती. पिशवी चांगलीच जड होती.

आता जाहीर नोटीस मीच झालो होतो. वीज कचेरीत गेलो, प्रभाग कचेरीत गेलो, शेत वाट्याने करणाऱ्याकडे गेलो. इथून पुढे अक्का नाही, मी येणार, असं म्हटलं की समोरचा घाबरून विचारायचा, “का? अक्काले काय व्हयनं?” ती ठणठणीत आहे हे मी नऊ ठिकाणी शपथेवर सांगितलं. वीज कचेरीतला बाबू तर खट्टूच झाला. म्हणाला, “त्या भांडायच्या, पण कागद पुरे आणायच्या.” माझे कागद त्या दिवशी अपुरे होते. ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ हा शेरा चौतीस वर्षांनी माझ्या स्वतःच्या अर्जावर पडला. बायकोने घरी आल्यावर तो अर्ज फ्रिजवर चिकटवला.

हिवाळाभर आठवड्यातून एक वारी धुळ्याला. तिथे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी मी जळगावला असायचो. एकदा पाण्याच्या वेळी नेमका हजर होतो, तर कॉकच सापडेना. न राहवून अक्काला फोन केला.

“माले काय माहीत?” ती म्हणाली. “मालक कोन शे?”

मागून दाजींचा आवाज आला, “जिन्याखाली, डाव्या हाताला.” मग अक्का त्यांच्यावर ओरडल्याचं ऐकू आलं. कॉक जिन्याखाली, डाव्या हातालाच होता.

हे हळूहळू जमायला लागलं, असं म्हणतो. घर पुसायचं कसं, गच्चीची टाकी भरली हे आवाजावरून कसं ओळखायचं, चाचांच्या कापसाचे पुंजके मोरीत अडकतात ते कुठून काढायचे. अक्काला एकदाच नव्हे, पन्नासदा विचारावंसं वाटलं. पण मुखत्यारपत्र कागदावर रद्द करून फोनवर चालू ठेवलं, तर मॅडमसमोर घेतलेला अंगठा खोटा. मी पुन्हा विचारलं नाही.

आखाजीच्या चार दिवस आधी आम्ही नवरा-बायको धुळ्याला मुक्कामाला गेलो. मी पंख्यांची पाती पुसली, माठ आणले, कूलरमध्ये वाळा घातला. आदल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दोंडाईच्याची एस.टी. धरली. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लागत नव्हता. सगळी वाट माझ्या मनात एकच धास्ती होती, की आपण उशीर केला. एक-दोन वर्षांचा नव्हे, चौदा वर्षांचा. ती म्हणेल, जाऊ दे आता, या वयात काय माहेर.

अक्का ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, शेजारी छोटी पिशवी, पायात चपला घातलेल्या. समोरच्या घरातल्या बाईने विचारलं, “काय अक्का, कोठे?” ती सकाळपासून तिथेच असावी आणि त्या बाईने हे आधीच विचारलेलं असावं, कारण दोघीही हसत होत्या. तरी अक्काने गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.

“माहेरले! भाऊ लेवाले उना.”

मला रडू आलं. दाजींनी मला पाणी दिलं आणि ‘फार ऊन आहे’ म्हणाले.

धुळ्याला पोचलो. दारात बायकोने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्का आत आली आणि मधल्या खोलीत बसली, सरळ पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी मी घागर भरली, ती बाजूला बसून बघत राहिली. स्वयंपाकघराकडे तिची मान दोन-तीनदा वळली, पण ती उठली नाही. खापरावरचे मांडे आणि आमरस ताटात आले, तेव्हा तिने पहिला घास घेऊन सांगितलं, “मांडा जाड शे.” बायको म्हणाली, “पुढच्या वर्षी पातळ करेन.” अक्काने तीन खाल्ले.

दुपारी ती सतरंजीवर आडवी झाली. मी तिथेच पेपर चाळत होतो. तेवढ्यात खालून चाचांची हाक आली. “अक्का! ओ अक्का! मोटार पाणी खेचत नाही!”

अक्काचे डोळे उघडले. मी पाहिलं, ती जागी होती. मोटारीत कुठे पाणी ओतायचं आणि कुठे एक थाप मारायची, हे तिला ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सज्जात गेलो.

“चाचा, अक्का पाहुणी आलीय,” मी वरून ओरडलो. “काय असेल ते मला सांगा.”

मी खाली गेलो. मोटार उघडली, मिटली, पाणी ओतलं, शर्ट भिजवला, चाचांशी दोनदा वाद घातला. मोटार चालू व्हायला तास लागला. अक्का उठली नाही.